मिस अर्लीनच्या वहीतलं माझं पान

टॅलमॅज, अलाबामा
रविवार, ४ जानेवारी १९९८

लमार,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असणार. तरी उघडलंस, हे माझ्या दृष्टीने पुष्कळ झालं. न उघडता फेकलं असशील तर हे सगळं मी स्वतःशीच बोलतोय, आणि त्याची मला अलीकडे सवय होत चालली आहे.

परवा मिस अर्लीन पूल यांच्या दारात आपली गाठ पडली. तू निघत होतास, मी येत होतो. तुझ्या छातीवर कोव्हिंग्टन विद्यापीठाचं लाल चिन्ह, माझ्या छातीवर टॅलमॅजचं हिरवं. दोघेही एकाच पोरासाठी एकाच चिखलातून चालत आलेले. तू टोपीला हात लावलास, "कोच" म्हणालास आणि गाडीत बसलास. सोळा वर्षांत तू मला उद्देशून उच्चारलेला तो पहिला शब्द. माझा बाप लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. पात्याचा आवाज जरासा चढला की ओंडक्यात कुठेतरी खिळा आहे, हे तो न बघता सांगायचा. त्याने मला बाकी काही दिलं नाही, कान दिले. तुझ्या त्या "कोच"मध्ये खिळा होता.

असो. हे पत्र धंद्याचं आहे असं समज.

टॅव्हारस पूल आम्हाला हवा आहे. अठराव्या वर्षी दोनशे ऐंशी पौंड वजन, आणि तरी दारातून मांजरासारखा आत येतो. आपल्या अमेरिकन फुटबॉलात बचावफळीच्या मधोमध असा पोरगा उभा केला की चेंडू काखेत घेऊन पळणारे आपोआप दुसरा रस्ता शोधतात. हे तुला मी काय सांगायचं, त्याच जागी तू स्वतः चार वर्षं खेळलास. शिष्यवृत्तीच्या करारावर सही ४ फेब्रुवारीच्या बुधवारी. तोवर तू ओढ, मीही ओढतो.

त्या घरात निर्णय कोण घेतं हे तुझ्या ध्यानात आलं असेलच. पोरगा "हो सर, नाही सर" एवढंच बोलतो. मिस अर्लीन मासे कापायच्या कारखान्यात आठ तास उभ्या असतात आणि घरी आल्यावर हात कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून आपल्यासारख्यांची भाषणं ऐकतात. माझं भाषण चाललं होतं तेव्हा पाण्याचा एकदाही आवाज आला नाही. सत्तावीस वर्षं मी परक्या लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत बसतोय. बाई बोलत नाही तेव्हा मी घाबरत नाही. बाई हलत नाही तेव्हा घाबरतो.

मग त्यांनी हात पुसले आणि ती शाळेची वही काढली. तुलाही दाखवली असणार.

"कोच, तोंडाने बोललेलं मला दुसऱ्या दिवशी आठवत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरासाठी काय करणार ते इथे स्वतःच्या हाताने लिहा. खाली नाव टाका."

तेवीस कोच येऊन गेले म्हणे. मी म्हटलं, विचार करून पुढच्या खेपेला लिहितो.

"सगळे असंच म्हणाले. एकाने तेवढं बसल्या जागी लिहिलं."

तो एक म्हणजे तू, हे मला वही उलटी असतानाही दिसलं. तुझं अक्षर शाळेत होतं तसंच अजून उजवीकडे कललेलं आहे. पानावर एकच ओळ. 'रोज सकाळी सहाला मी मैदानावर असतो. जोवर नोकरीवर आहे तोवर असेन.' लमार, अशाने पोरं मिळत नसतात. 'जोवर' हा शब्द आईसमोर काढायचाच नाही. हे मी तुला शिकवलं असतं, शिकवायला तिथे असतो तर.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. या मोसमात सात सामने हरलो, ते तू मोजले असशीलच. पण विद्यापीठाच्या अध्यक्षांनी आमचे मुख्य कोच हॉलिस यांच्या पाठीशी आपण ठाम उभे असल्याचं परवाच पेपरात सांगितलंय.

मिस व्हेल्मा गेल्या तेव्हा मी फुलं पाठवली होती. मिळाली असतील. तुझ्या आजीने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

पोरगा मी नेणार. राग मानू नकोस.

ओडेल ट्रिम्बल


टॅलमॅज
शुक्रवार, १६ जानेवारी

लमार,

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, दोन ओळी नाहीत. फक्त माझंच पत्र, ९ जानेवारी १९८२चं, घड्यांवर चिरलेलं. मिस व्हेल्मांनी ते बायबलमध्ये ठेवलेलं असणार. कागदाला त्या कातडी पुठ्ठ्याचा वास अजून आहे.

मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. 'मिस व्हेल्मा, तुमचा लमार चार वर्षं मैदानात असेल. चारही वर्षं, दर शनिवारी, मी कडेच्या पांढऱ्या रेषेवर उभा असेन. तुम्ही वर जिथे बसाल तिथून मी तुम्हाला दिसेन. पोराची काळजी वाटली की माझ्याकडे बघा.' वाचून लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, आधी मनात आलं ते एवढंच की काय छान लिहिलंय.

असली पत्रं मी दिवसाला बारा लिहायचो. निळी शाई. टाइप केलेलं चालत नाही, कारण आया कागदाच्या मागून बोट फिरवून बघतात, पेनाचा वळ लागतो का. वाक्यं ठरलेली असायची, नावं तेवढी बदलायची. तू फेब्रुवारीत सही केलीस आणि मार्चमध्ये मला टॅलमॅजचा फोन आला. आमच्या त्या छोट्या कॉलेजात लाकडी बाकं होती, इथे ऐंशी हजार माणसं बसतात. मी गेलो. या धंद्यात सगळेच जातात. सोळा वर्षांत याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

आता बुधवारची गोष्ट ऐक. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलीस तर वेगळी ऐकशील.

मी चार वाजता पूलांकडे पोचलो. मिस अर्लीननी तळलेले मासे केले होते, मक्याचा पाव, पालेभाजी, आणि शेवटी गोडाला पीचचा कॉब्लर. मी दुसऱ्यांदा वाढून घेत होतो तेव्हा भिंतीवरचा फोन वाजला. त्यांची बहीण होती. तिचं केस करायचं दुकान आहे, तिथे दिवसभर रेडिओ चालू असतो.

"हो, इथेच आहे," मिस अर्लीन माझ्याकडे बघत फोनमध्ये म्हणाल्या. "माझ्यासमोर बसलाय. नाही गं, त्याला ठाऊक नसावं. दुसऱ्यांदा मासा घेतोय."

मग फोनवर हात ठेवला. "कोच, तुमच्या साहेबांना काढलं म्हणतात. तासाभरापूर्वी. हाताखालच्या सगळ्यांनाही."

मी घास गिळला. टॅव्हारस खुर्ची मागे सरकवून उठला आणि माझ्या पेल्यात थंड चहा ओतून पुन्हा बसला. त्याला दुसरं काय करावं ते कळलं नसावं. मलाही कळलं नाही.

"मुख्य कोच येतात आणि जातात, मिस अर्लीन," मी म्हटलं. "दोन आले, दोन गेले. मी सोळा वर्षं तिथेच आहे."

"पण तुम्हाला हे माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"तुमच्या घरी केला असेल कुणी फोन."

"घरी उचलायला कुणी नाही."

हे धंद्याचं बोलणं नव्हतं, सहज निघून गेलं. माझी बायको नोरीन तिच्या बहिणीकडे मोबिलला राहायला गेली त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर कुणी विचारलं नव्हतं म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं. मिस अर्लीननी फोन ठेवून हात कोमट पाण्याच्या पातेल्यात घातले होते. ते पाणी पहिल्यांदाच हललं. आणि लमार, ते मला ऐकू आलं. ऐकू आलं म्हणून मी तिथूनच पुढे बोलत गेलो. एकटा माणूस आहे, टॅलमॅज हेच माझं घर, ही पोरंच माझी माणसं, मला कोण हलवणार. सगळं खरंच होतं. त्या क्षणी मात्र ते मी विकत होतो.

निघताना त्या म्हणाल्या, "सकाळी तो कोव्हिंग्टनचा लमार गॅस्किन येऊन गेला. मी त्याला म्हटलं, दुपारी टॅलमॅजवाले जेवायला आहेत, त्यांच्याबद्दल काही सांगायचं असेल तर आत्ता सांग. त्याला या बातमीची कुणकुण असणारच ना, कोच?"

"असणार," मी म्हटलं. सकाळपर्यंत दोन राज्यांतल्या सगळ्या कोचांना ती होती, हे मला नंतर कळलं. आमच्या इमारतीतला मी एकटाच त्या दिवशी दौऱ्यावर होतो, म्हणून मला कळली नव्हती.

"तो काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, त्यांना पीच आवडतात."

तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात मी काय खाल्लं होतं ते तुला आठवतं. तू एक वाक्य बोलला असतास तर पोरगा तुझा होता.

त्यांनी वही पुढे केली. मी लिहिलं. काय लिहिलं ते तुला कळायची गरज नाही. त्यांनी ते बोटाखाली धरून सावकाश वाचलं, पोराकडे बघितलं, पोराने मान हलवली. टॅलमॅज.

जिंकलो, असं लिहायला बसलो होतो.

ओडेल


टॅलमॅज
मंगळवार, २७ जानेवारी

लमार,

नवे कोच स्टॅडलर आले. वय एकोणचाळीस, दात सरळ, सोबत स्वतःची सात माणसं. आमच्या मजल्यावरच्या दारांवरून नावांच्या पाट्या काढल्या आहेत. त्यांचे स्क्रू पेगीच्या टेबलावर कॉफीच्या कपात पडले आहेत. पेगी आमची सेक्रेटरी, चार मुख्य कोच पाहिलेली बाई. म्हणाली, "ओडेल, तुझी तेवढी पाटी काढू नको असं सांगितलंय. का ते विचारलं नाही." जुन्यांतला मी एकटा उरलोय. जेवणाच्या वेळी सात जण एका टेबलाशी आणि मी एका. परवा त्यातला एक उठून आला. मला वाटलं माझ्याशी बोलायला येतोय. मिठाची बाटली हवी होती.

स्टॅडलरांनी बोलावलं. "ओडेल, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. तुम्ही म्हणजे या इमारतीचं फर्निचर." ते हसले, म्हणून मीही हसलो. "४ तारखेला पूलची सही येऊ द्या. ती आली की मोसमात तुम्हाला कुठे उभं करायचं ते बघतो. नाही आली, तर मग माझाही नाइलाज आहे."

चोख बोलणं. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं, फक्त आधी कॉफी विचारली असती.

खरी गोष्ट पुढे आहे. काल, सोमवारी सकाळी फायली घेऊन मी त्यांच्या दारावरून चाललो होतो. दार लोटलेलं होतं आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात चालू होता. पलीकडे त्यांचा बचावफळीचा माणूस, अजून जुन्या गावात सामान बांधतोय. त्यांच्या जुन्या विद्यापीठाला शब्द दिलेले दोन पोरगे त्यांच्यामागोमाग इकडे येताहेत. दोघंही पूलच्याच जागेवर खेळणारे.

"मग पूल कशाला?" पलीकडून आवाज आला.

"कोव्हिंग्टनला मिळू नये म्हणून. सही घेऊन ठेवू. जूनमध्ये सांगू की यंदाच्या जागा भरल्या, पुढच्या जानेवारीत ये."

"म्हाताऱ्याला सांगितलं?"

"म्हाताऱ्याला सही आणू दे."

जानेवारीत ये, म्हणजे जूनपासून डिसेंबरपर्यंतचे महिने पोराने गावात काढायचे. त्या गावात काम एकच आहे, ते तुलाही माहीत आहे. मासे कापायच्या टेबलाशी जो एकदा उभा राहिला त्याचा जानेवारी उजाडत नाही. टॅव्हारसचे दोन मामा तिथे सहा महिन्यांसाठीच गेले होते. मिस अर्लीनही.

आता गेल्या पत्रात लपवलं ते सांगतो. त्यांच्या वहीत मी काय लिहिलं. पेन हातात घेतलं, काहीतरी नवीन लिहायचं होतं, आणि हात आपोआप चालत गेला. 'चारही वर्षं, दर शनिवारी, मी कडेच्या पांढऱ्या रेषेवर उभा असेन. पोराची काळजी वाटली की माझ्याकडे बघा.' अक्षरन् अक्षर तेच. तू पाठवलेला कागद त्या वेळी माझ्या कोटाच्या खिशात होता. खाली सही करताना कळलं, आणि तरी मी केली.

आणि पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तुझ्या आजीने मला कधी बोल लावला नाही. तेही अर्धंच. त्यांनी मला एक पत्र लिहिलं होतं, सप्टेंबर १९८२मध्ये. तुझा पहिला सामना झाल्यावर. पाच तास बसने येऊन त्या वर बसल्या होत्या. पत्र चार ओळींचं. 'कोच, तुम्ही रेषेवर दिसला नाहीत. मी सबंध सामना बघत होते. तुमची तब्येत बरी नाही का? रविवारी चर्चमध्ये तुमच्यासाठी प्रार्थना सांगितली आहे.' मी निघून गेलोय हे तोपर्यंत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तूसुद्धा नाहीस. का नाही सांगितलंस, हे मी तुला कधी विचारणार नाही.

ते पत्र मी ठेवलं. उत्तर पाठवलं नाही. काय लिहिणार होतो, तब्येत उत्तम आहे?

मला बासष्टावं चालू आहे. या वयाच्या माणसाला दुसरं विद्यापीठ घेत नाही, आणि शनिवारी दुपारी त्या रेषेखेरीज दुसरीकडे कुठे उभं राहायचं हे मला माहीत नाही. एक मोसम आणखी मिळावा, एवढीच माझी मागणी होती. ती त्या सहीत आहे.

म्हणून तुला विचारतो. पूलने आम्हाला शब्द दिल्यावर तू त्याचं नाव तुमच्या फळ्यावरून पुसलं असशील. ती जागा ४ तारखेच्या दुपारपर्यंत कुणाला देऊ नकोस. नियमाप्रमाणे पोरांच्या घरी जायची परवानगी शनिवारपर्यंत आहे. मी जाईन का, गेलो तर काय बोलेन, हे आत्ता सांगता येत नाही. तुला आणखी एक वचन देऊन ठेवण्यात अर्थ नाही. फक्त जागा ठेव.

ओडेल


टॅलमॅज
बुधवार, ४ फेब्रुवारी

लमार,

पोरगा तुला मिळाला हे तू मला सांगायला नको, मी इथल्या फॅक्सच्या यंत्रासमोर बसून ते बघितलं. म्हणजे सह्या झालेले करार ज्यावर येतात, त्यावर काय येत नाही ते बघितलं. पण शनिवारचं तुला मीच सांगितलं पाहिजे.

दुपारी गेलो. मिस अर्लीन नुकत्याच कारखान्यातून आल्या होत्या, पातेल्यात हात. मी खुर्चीवर टेकलो नाही.

"वही द्या," म्हटलं.

"आणखी काय लिहायचंय?"

"खोडायचंय."

त्यांनी पोराला हाक मारली. तो आला, दारात मावेल तेवढा उभा राहिला. मी जे फोनवर ऐकलं होतं ते दोघांना सांगितलं. कुणाचं नाव गाळलं नाही, माझंही नाही. जून, जानेवारी, सगळं. मला वाटलं होतं बाई ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शनिवार आहे."

"हो."

"पाच दिवस काय करत होतात?"

"नोकरी वाचवायचा विचार करत होतो, मिस अर्लीन."

त्यांनी वही आणली. मी माझ्या ओळीवर पेन टेकवलं, तर त्यांनी ओला हात माझ्या मनगटावर ठेवला. "खोडू नका. तुम्ही ते लिहिलं होतं, हे राहू दे. खाली खरं काय ते लिहा."

मी लिहिलं. 'मी तिथे नसेन. मी असतो तरी ते माझ्या हातात नव्हतं, आणि हे मला लिहितानाही माहीत होतं.' अक्षर वाकडं आलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला पुढचा शब्द शोधावा लागला.

मग त्यांनी तुझं पान काढलं. ती एक ओळ पुन्हा वाचली. "हा राहील का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "त्यालाही माहीत नाही, म्हणून त्याने तसं लिहिलंय. पण त्या बुधवारी तो तुम्हाला एका वाक्यात फिरवू शकत होता, आणि तो पीचबद्दल बोलला. मी त्याला घडवलं असं मी लोकांना सांगत आलोय. ते खोटं आहे. त्याला त्याच्या आजीने घडवलं."

मी टोपी उचलली तेव्हा टॅव्हारस म्हणाला, "मग तुमचं काय होणार, कोच?"

लमार, एवढ्या वर्षांत मी हजारो पोरांना विचारलं, तुझं काय होणार याचा विचार केलास का? हा माझा ठरलेला प्रश्न होता, याच्यानंतर मी करारपत्र काढायचो. उलट मला कुणी विचारला नव्हता. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं, जिथवर हात पोचला तिथे.

आज सकाळी सातला सगळे फॅक्सभोवती जमले. स्टॅडलरांनी डोनट मागवले होते. एकेक कागद सरकत येई, टाळ्या पडत. साडेआठला ते म्हणाले, "पूल?" पेगीने यंत्रात नवा कागद भरला, जसं काही कागद संपल्यानेच अडलंय. साडेनऊला रेडिओवर कोव्हिंग्टनची यादी आली. त्यात तो होता. सात माणसं माझ्याकडे वळली.

"ओडेल," स्टॅडलर म्हणाले, "तुम्ही तर म्हणाला होतात, आई तुमच्या शब्दावर चालते."

"हो," मी म्हटलं. "चालली."

त्यांना काही कळलं नाही. मी खाली येऊन टेबल आवरलं. सोळा वर्षांचं सामान दोन खोक्यांत मावलं आणि त्यातलं एक नुसतं निळ्या पेनांचं होतं. पेगीने कपातून दोन स्क्रू काढून मला दिले, म्हणाली, पाटी काढलीस तर हे बरोबर ठेव. तिला काय म्हणायचं होतं ते तिलाही माहीत नसावं. बाहेर आलो तर गाड्यांच्या जागेत माझ्या जागेवरचं नाव कालच रंगवून बुजवलेलं होतं. म्हणजे सही आली असती तरीही मला काढणारच होते. हे कळून बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही.

घरी पोचलो तेव्हा फोन वाजत होता. मिस अर्लीन, जेवणाच्या सुटीत, कारखान्यातल्या फोनवरून. मागे यंत्रांचा आवाज.

"कोच, कोव्हिंग्टनवाले मला प्रत्येक सामन्याची दोन तिकिटं देणार म्हणतात. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. एवढ्या गर्दीत माझा पोरगा कुठला, हेसुद्धा कुणी बोट दाखवल्याशिवाय कळायचं नाही. तुम्ही आता शनिवारचे मोकळे असाल."

"असेन," मी म्हटलं.

"हिरवा कोट घालून आलात तर मी ओळख दाखवणार नाही."

"माझ्याकडे दुसरा कोट नाही."

"मग थंडीत कुडकुडा," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तेव्हा सप्टेंबरपासून मी तुमच्या स्टेडियमवर, खेळाडूंच्या आयांच्या रांगांमध्ये असेन. मैदानाच्या कडेवरून खेळ बघायची सवय आहे मला. वरून कसा दिसतो ते कधी बघितलेलं नाही. मिस अर्लीनना टॅव्हारस दाखवेन. मग तुझ्याकडे बोट करून सांगेन, काळजी वाटली की तिकडे बघा.

तू वर बघायला पाहिजेस असं नाही. तुझं काम खाली आहे. पण एखाद्या शनिवारी चुकून नजर गेली, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली, तर तब्येत विचारणारं चार ओळींचं पत्र टाक. या वेळी उत्तर पाठवीन.

ओडेल